आजीचं माहेर

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात 'आमच्या घरातल्या बाया' या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

या सत्रात प्रत्येकीनं आपल्या घरातल्या एका बाईविषयी बोलायचं असं ठरलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मग घरी जाऊन कागद-पेन घेऊन बसले आणि दोन दिवस एक ओळ लिहिता आली नाही. गेली तीस-पस्तीस वर्षं मी शिबिरांमधून बोलते आहे. सावित्रीबाईंवर बोलले, ताराबाई शिंद्यांच्या 'स्त्री-पुरुष तुलने'वर बोलले, हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन, दारूबंदी, सगळ्यावर बोलले. माझ्या आजीवर कधीच बोलले नाही.

याचं कारण मी शोधलं. आपल्या अहवालांत बहुतेक वेळा दोन तऱ्हेच्या बाया असतात. एक अन्याय झालेली आणि दुसरी अन्यायाविरुद्ध उठलेली. आजी या दोन्ही रकान्यांत बसत नव्हती. ती कुटुंबासाठी राबली, देवाधर्मात रमली, नातवंडांवर जीव टाकला आणि म्हातारी होऊन घरातच गेली. गावानं तिला 'पुण्यवान बाई' म्हटलं. आणि आम्ही शिबिरात ज्या गोष्टींना बेड्या म्हणायचो, त्या सगळ्या तिच्या अंगावर होत्या: गळ्यात माळ, महिन्याच्या दोन एकादश्या, सोमवार, हरतालिका, वडाची पूजा. मी विशीत असताना एकदा तिला म्हटलंही होतं, "आजी, सात जन्म हाच नवरा कशाला मागतेस?" ती म्हणाली, "मागत न्हाय गं. दोरा गुंडाळते. वडाखाली बाया भेटत्यात." त्यावर मी हसले होते. आज त्या हसण्याचा हिशोब द्यायचा आहे, म्हणून उभी आहे.

आजीची जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. तिच्या वयाचा हिशोब असा: "गांधीबाबाला मारलं तवा तुझा बाप पोटात हुता." म्हणजे वडील १९४८ चे. त्याआधी दोन मुलं होऊन गेलेली. लग्न तेराव्या वर्षी झालेलं. तेव्हा आजी साधारण १९२८ ची असणार. ती गेली २०११ साली. फलटण तालुक्यातलं आमचं गाव. नीरेचा उजवा कालवा तालुक्यातून जातो, पण आमची जमीन कालव्याच्या वरच्या अंगाला. म्हणजे पाणी डोळ्यांना दिसायचं, शेताला मिळायचं नाही. बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा. पिकलं तर पिकलं.

घरात अकरा माणसं. आजी चौथ्या प्रहरी उठून जात्यावर बसायची. दीड पायली दळण रोजचं. मग पाणी, शेण, चूल, भाकरी, भाकरी घेऊन रान, रानातून सरपण, परत चूल. हे वर्णन तुमच्यापैकी निम्म्या जणींना आपल्याच घरातलं वाटेल, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. जात्याविषयी मात्र थोडं बोलायचं आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी कार्यकर्त्या बायांच्या मदतीनं गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाहून जास्त ओव्यांचा आहे. आपल्या चळवळीला त्यातून फार मोठा ठेवा मिळाला. बाई काय सोसते, कुणावर चिडते, कुणाची वाट बघते, हे तिनं दळताना सांगून ठेवलं होतं. ते वाचून मी भारावून गावी गेले आणि आजीला म्हटलं, "गिरणी आली आणि तुमच्या ओव्या गेल्या. केवढं नुकसान झालं!" आजीनं माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाली, "तुला गानी गेल्याचं दुक. माजा खांदा सुटला त्याचं काय न्हाय?" गावात इंजिनाची गिरणी आली तो दिवस तिच्या आयुष्यातल्या सुखाच्या दिवसांपैकी होता. त्या दिवशी तिनं गिरणीला हळद-कुंकू वाहिलं होतं.

पण ओव्या ती विसरली नव्हती. तिच्या बहुतेक ओव्या पंढरपूरच्या होत्या. त्यांत पंढरपूर म्हणजे माहेर. विठ्ठल बाप, रखुमाई आई, चंद्रभागा बहीण. तुम्ही कुठल्याही गावात जा, म्हाताऱ्या बाया हेच सांगतील. आम्हीही हे ऐकून ऐकून गुळगुळीत करून टाकलं आहे, कॅलेंडरवर छापण्याइतकं. पण कधी विचारलं का आपण, की बाईला देवाच्या गावाला माहेर का म्हणावं लागलं? तिला माहेर नव्हतं का? आजीला होतं. पंधरा मैलांवर. तीन भाऊ होते. हा प्रश्न मला फार उशिरा पडला. त्याच्याकडे मी शेवटी येते.

ज्ञानोबांची पालखी फलटणवरून बरडकडे जाते. त्या वाटेवर आमच्या गावच्या बाया भाकरीच्या पाट्या घेऊन जायच्या. आजी तीस-पस्तीस वर्षं अशी भाकरी-पिठलं घेऊन वाटेवर उभी राहिली. दुसऱ्या बाया चालताना बघितल्या. स्वतः एक पाऊल त्यांच्याबरोबर टाकलं नाही. सासू होती, लेकरं होती, जनावरं होती, आणि महिन्याची 'अडचण' होती. सासू गेली, अडचण थांबली, तेव्हा आजी पन्नाशीला आलेली. मग तिनं आजोबांना सांगितलं, "औंदा मी आळंदीला जाती." विचारलं नाही, सांगितलं. घरात त्या गोष्टीची बरीच वर्षं चर्चा होती.

दिंडीत जायचं तर पैसे भरावे लागत. ते तिनं शेळी पाळून जमवले. माळकरीण बाई करडं विकते म्हणून भावकीत टोमणे मारले गेले. ती म्हणायची, "मी विकते. खानारा खातो. माजी वारी कुनी भरनार हाय का?" त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षं ती वारी चालली. गुडघे गेले तेव्हा थांबली.

मी एकदाच तिच्याबरोबर चालले. कॉलेजात होते, १९८९ साल. सासवडपासून फलटणपर्यंत. जेजुरी, वाल्हे, मग नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव. रात्री शाळेच्या व्हरांड्यात किंवा कुणाच्या गोठ्यात झोपायचं. पावसानं भिजलेलं लुगडं अंगावरच वाळायचं. पहाटे तीनला बाया उठायच्या, कारण उजेडाच्या आत सगळं उरकायचं. आता वारीत फिरती शौचालयं असतात, तेव्हा काहीच नव्हतं. हजारो बाया आणि आडोसा नाही. देवाच्या वाटेवरही बाईचं शरीर ही तिची तिनंच सोडवायची अडचण होती. दिंडीत वीणा पुरुषाच्या गळ्यात, टाळ पुरुषांच्या हातात, बाया मागे, डोक्यावर तुळस नाहीतर हंडा. हे सगळं मी तेव्हाच टिपून ठेवलं होतं. मला ते टिपायला शिकवलं होतं.

जे टिपलं नाही ते आजीचा चेहरा. घरी तिला तिच्या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. माहेरचं नाव लग्नात बदललं, सासरचं नाव कुणी घेतलं नाही. ती अमक्याची आई, तमक्याची बायको. रेशन कार्डावर नाव चुकीचं पडलं होतं, ते कुणी दुरुस्त केलं नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही. आणि वाटेवर तिला सगळे 'माउली' म्हणत होते. ती सगळ्यांना 'माउली' म्हणत होती. पाटलालाही आणि पाणी वाढणाऱ्या पोरालाही. पहिल्या वारीत एका पुरुषानं वाकून तिच्या पायाला हात लावला, तेव्हा ती घाबरून मागं सरली होती. पन्नास वर्षांच्या आयुष्यात तिच्या पायाला पुरुषाचा हात लागला नव्हता. पाया पडायचं काम तिचं होतं. त्यानं सांगितलं, "माउली, इथं असंच असतं." तिनं मला हे सांगितलं तेव्हा सत्तरी ओलांडली होती, तरी सांगताना आवाज खाली आला होता.

मराठवाड्यातली एक बाई तिची मैत्रीण झाली होती. दरवर्षी लोणंदच्या मुक्कामी दोघी एकमेकींना शोधायच्या. पत्ता माहीत नाही, आडनाव माहीत नाही. एका वर्षी ती आली नाही. पुढच्या वर्षीही आली नाही. आजी म्हणाली, "गेली आसंल." आणि त्या एकादशीला तिनं त्या बाईच्या नावानं चंद्रभागेत दिवा सोडला. तिच्या घरच्यांना हे कधी कळलंही नसेल.

तर मैत्रिणींनो, भक्तीनं आजीला काय दिलं? वर्षातले अठरा-वीस दिवस दिले. 'कुठं चाललीस' असं कुणी न विचारण्याचे. मैत्रिणी दिल्या. उंबऱ्याबाहेर पडायला असं एक कारण दिलं, की जे नवऱ्याला मोडता येत नव्हतं. घरात अडलं की जनाबाईची साक्ष काढायची ताकद दिली. आजोबांनी कधी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः घेतला नाही. त्यावर ती म्हणायची, "जनीसंगं देव दळाया बसला. देवाला लाज वाटली न्हाय, तुज्या आज्याला वाटती." आणि पंढरपुरात रखुमाईचं देऊळ वेगळं का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "रुसली आन् येगळी ऱ्हायली. तिला जमलं बाई. देवाची बायकू ती."

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी तिच्यावर प्रेम केलं असं होणार नाही, नुसता फोटोला हार घातला असं होईल.

आमच्या रानात दलित वस्तीतली एक बाई कामाला यायची. तिचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा असायचा. आजी तिच्याशी मायेनं बोलायची, तिच्या बाळंतपणाला धावली होती, पण कप वेगळा. मी विचारलं, "आजी, वारीत तू सगळ्यांच्या पाया पडतेस. मग हा कप?" ती म्हणाली, "वाटंवर इटाळ नसतो." मी म्हटलं, "मग घरात का असतो?" ती म्हणाली, "घर म्हंजे काय वारी हाय का?"

हे वाक्य मी आयुष्यभर बाळगलं आहे. वाटेवर तरी विटाळ खरंच नव्हता का? इरावती कर्व्यांनी 'वाटचाल' या लेखात वारीतल्या जातीजातींच्या वेगळ्या पंगती लिहून ठेवल्या आहेत. चोखोबांची समाधी पायरीपाशी आहे, आणि विठ्ठलाचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. पण आजीच्या वाक्यात त्यापेक्षा खोल गोष्ट आहे. समता वाटेवर ठेवायची आणि घरी येताना पायाची धूळ झटकावी तशी झटकायची. वर्षातले वीस दिवस सगळे माउली. उरलेले तीनशे पंचेचाळीस दिवस ज्याची त्याची जागा. आणि त्या जागा राखण्याचं काम घरातल्या बाईकडे. चुलीपाशी कुणी यायचं, कुठल्या सुनेनं चार दिवस बाहेर बसायचं, हे आजी ठरवायची. माझ्या आईनं ते सगळं भोगलं. वटसावित्रीच्या दोऱ्यावर हसणारी मी, आईच्या त्या चार दिवसांबद्दल आजीशी कधी भांडले नाही.

आणि माझी आत्या. खरं तर हे भाषण तिचंही आहे.

आत्या वडिलांच्या पाठची. पंधराव्या वर्षी लग्न. १९७२ च्या दुष्काळात ती दोन वर्षांची पोर कडेवर घेऊन माहेरी आली. नवऱ्यानं दुसरी केली होती. त्या वर्षी आजी स्वतः दुष्काळी कामावर खडी फोडत होती. कामावर मिळणारी सुकडी घरी आणून लेकरांना द्यायची. मस्टरवर तिचं नाव होतं, आठवड्याला अंगठा उठवून तिच्या हातात पैसे पडायचे. सरकारी कागदावर तिचं नाव तिच्या स्वतःच्या कामासाठी आलं ते तेवढंच. तशा दिवसांत लेक आली. आजीनं तिला चार दिवस ठेवून घेतलं, ओटी भरली आणि परत पाठवलं. सहा महिन्यांनी ती पाठीवर वळ घेऊन आली. पुन्हा ओटी भरली, पुन्हा पाठवलं. तिसऱ्या वेळी आजोबा म्हणाले, "आता ऱ्हाऊ दे." आजी नव्हे, आजोबा. 'बाईच बाईची वैरीण' म्हणणाऱ्यांना मी हे आयतं हातात देते आहे, याची मला जाणीव आहे. पण त्यांना हेही सांगते, की राहू दे म्हणण्याचा अधिकार घरात एकालाच होता. आजीनं पाठवली नसती तर 'लेकीचा संसार आईनं मोडला' हे तिच्याच माथी बसलं असतं. आत्या परत गेल्यावर आजी रात्री उठून ओट्यावर बसायची, असं आई सांगायची. म्हणून तिचं पाठवणं बरोबर ठरत नाही. पण तिच्या हातात किती होतं, तेही मोजायला हवं.

संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद झाली, तेव्हा 'परित्यक्ता' हा शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला. आमच्या घरात तशी एक बाई तेव्हा चौदा-पंधरा वर्षं राबत होती आणि तिच्यासाठी घरात शब्दच नव्हता. 'माहेरी असते' एवढंच. आजी वारीला जायची ते वीस दिवस धारा कोण काढायचं? अकरा माणसांचं कोण करायचं? आत्या. आजीच्या वाटचालीचं भाडं आत्यानं भरलं. आत्या कधी वारीला गेली नाही. "तू न्हाय का येत?" असं तिला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही.

१९९६ साली आजोबा गेले. कायदा तेव्हा काय होता? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या हिश्शात विधवेला आणि मुलींना वाटा होताच. महाराष्ट्रात १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती झाली होती, पण आधी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. शेतकरी संघटनेनं तर १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेऊन बायकांच्या नावावर जमिनी करायला नवऱ्यांना लावलं होतं. हे सगळं मला पाठ होतं. मी दुसऱ्या तालुक्यात याच विषयाची शिबिरं घेत होते. आणि इकडे आमच्या घरी आजोबांचा महिना झाल्यावर माझ्या वडिलांनी आणि काकांनी आजीला, आत्याला आणि दुसऱ्या आत्याला जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं आणि दुय्यम निबंधकापुढं हक्कसोडपत्रावर अंगठे घेतले. आत्या सांगते, आजीनं तिचा अंगठा धरून कागदावर टेकवला. आजी म्हणायची, "तिनं आपनहून दिला." दोघीही खोटं बोलत नसाव्यात. आजीचा स्वतःचा अंगठाही त्याच कागदावर आहे. दुष्काळी कामावर पैसे घ्यायला जो उठवला होता, तोच.

मला हे सुट्टीत घरी गेल्यावर कळलं. मी वडिलांना काय म्हटलं? काही नाही. त्या जमिनीवर मी शिकले होते. वडिलांनी मला चळवळीत जायला अडवलं नव्हतं, भावकीत माझी बाजू घेतली होती. मी आजीला तेवढं विचारलं, "आत्याला सही का करायला लावलीस? तिला दुसरं काय आहे?" ती म्हणाली, "जमीन घिऊन काय करतीस? भावाचं दार उघडं ऱ्हायाला पायजे." मी गप्प बसले आणि सोमवारी शिबिराला गेले. शिबिरात विषय होता, 'स्त्री आणि मालमत्ता'.

पंधरा मैलांवरचं आजीचं माहेर मी मघाशी सांगितलं. तिनं स्वतः तीन भावांना अशीच जमीन सोडली होती. त्या बदल्यात दिवाळीला एक लुगडं. पुढं भाऊ गेले, भाचे कर्ते झाले, लुगडं बंद झालं, मग बोलावणंही. मला वाटतं, जात्यावरच्या त्या ओव्यांचा अर्थ इथं आहे. पंढरपूर हे असं माहेर, जिथं भावजय तोंड वाकडं करत नाही, जिथून परत पाठवत नाहीत आणि जिथं पोचल्यावर कागदावर अंगठा मागत नाहीत. बाईला देवाच्या दारात माहेर मांडावं लागलं, कारण बापाच्या दारात तिचा हक्क नव्हता, तिच्यावर दया होती. आपण त्या ओव्यांचं कौतुक करतो, गाणी बसवतो. पण त्या ओव्या म्हणजे एका मोठ्या वंचनेची नोंदसुद्धा आहे.

आजी शेवटचे चार महिने अंथरुणावर होती. आत्याच तिचं सगळं करत होती. एका रात्री मी उशाशी बसले होते. आत्या बाहेर पडवीत झोपली होती. पत्र्याची ती पडवी, हीच तिची जागा. आजी म्हणाली, "तिला बघ." मी हो म्हटलं. थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटलं दार उघडं ऱ्हाईल. दार उघडंच हाय गं. आत जागा न्हाय." मग तिनं नामस्मरण सुरू केलं. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. चूक कबूल करण्याची ती तिची रीत होती. मी तिला 'तरी मी सांगत होते' असं म्हणू शकत नव्हते, कारण मी सांगितलंच नव्हतं.

दोन वर्षांनी वडील गेले. आई आधीच गेली होती. या वेळी कागद घेऊन माझा धाकटा भाऊ आला. म्हणाला, "ताई, एक सही." तोच मजकूर, फक्त आता संगणकावर छापलेला. तोवर कायदा बदलला होता. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानंच मुलाइतकी हक्कदार झाली होती. मी सही केली नाही. म्हटलं, माझा हिस्सा काढ, तो मी आत्याच्या नावावर करणार आहे. भाऊ म्हणाला, "आजीनं सोडलं, आत्यानं सोडलं. तू कोण मोठी?" चार वर्षं गेली. मोजणी, हेलपाटे, भावकीच्या बैठका. शेवटी सव्वा एकर जिरायत रान बक्षीसपत्रानं आत्याच्या नावावर झालं आणि पडवीला लागून एक पक्की खोली, तीही ग्रामपंचायतीच्या आठ नंबरला तिच्या नावावर. भाऊ माझ्याशी बोलत नाही. दिवाळीला मी जात नाही. आत्या अजून म्हणते, "माज्यापायी तुजं म्हायेर तुटलं." मैत्रिणींनो, ते तुटलं आहे, आणि ते दुखतं. हक्क घेतला की नातं सुधारतं, असं मी शिबिरात सांगत असे. आता सांगत नाही. एवढंच सांगते, की जे नातं सहीवर टिकून होतं, ते किती होतं ते तरी कळलं.

आत्याला वाचता येत नाही. सातबाऱ्याचा उतारा तिनं देव्हाऱ्यात विठ्ठलाच्या तसबिरीमागे ठेवला आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं. मग वडाच्या दोऱ्याची आठवण झाली आणि हसू गेलं. तिची जी सगळ्यांत सुरक्षित जागा, तिथं तिनं तो ठेवला. गेल्या वर्षी ती एसटीनं पंढरपूरला जाऊन आली. धार काढायला शेजारीण होती, तिला आत्यानं पैसे दिले.

शेवटी आपल्या कामाविषयी दोन-तीन गोष्टी.

पहिली. वारीला, भजनाला, हळदी-कुंकवाला जाणाऱ्या बाईला 'देवभोळी' म्हणून आपण बाजूला काढतो. ती बाहेर पडायची वाट शोधते आहे, हे आपण ओळखायला पाहिजे. आपल्या गटाची बैठक तिला वडाखालच्या भेटीइतकी आपली का वाटत नाही, हे स्वतःला विचारायला पाहिजे.

दुसरी. 'त्यागमूर्ती', 'घराचा आधार' असं म्हणून जिथं आजीचा गौरव होतो, तिथं हळूच विचारायचं, तिच्या नावावर काय होतं? कितीतरी घरांत अजून सातबाऱ्यावर भावाच्या नावापुढं 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असं असतं आणि बहिणी त्या तीन अक्षरांत बुडालेल्या असतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावायचं महाराष्ट्र सरकारनं ठरवलं. चांगली गोष्ट आहे. पण नाव मुलाच्या दाखल्यावर येतं आणि जमिनीच्या उताऱ्यावर येत नाही, तोवर काम अर्धंच आहे.

तिसरी. प्रत्येक शिबिरात सातबारा आणि आठ-अ वाचायला शिकवा. सांगा, की ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे, २००५ साली बाप जिवंत असो-नसो, मुलीचा हक्क जन्मानं आहे. सांगा, की हक्कसोडपत्र सक्तीचं नसतं, सही न करणं हा गुन्हा नाही, आणि एकदा नोंदवलेलं पत्र सहजी मागं घेता येत नाही. म्हणून तेराव्याच्या मांडवात कुणी कागद पुढं केला, तर एवढंच म्हणायचं: "वाचून घेते. महिन्यानं सांगते." तेवढा एक महिना बाईला मिळवून देणं हे आपल्या गटाचं काम आहे.

आणि एक गोष्ट माझ्यासारख्या कार्यकर्त्यांसाठी. दुसऱ्या गावात जे बोलतो, ते आपल्या घरात बोलायला किती वर्षं लागली, याची प्रत्येकीनं वहीत नोंद करावी. माझ्या वहीत सतरा वर्षं आहेत.

आजीला मी देवी करणार नाही. तिला ते आवडलंही नसतं, कारण देवीला तिनं कधी थकलेलं बघितलं नव्हतं. ती थकायची. चुकायची. तिनं मला भाकरी थापायला शिकवली, चालायला शिकवलं आणि तिच्या चुकीतूनही शिकवलं. तिचं माहेरचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेवटच्या आजारात आत्यानं ते तिला विचारून घेतलं. ते मी इथं सांगत नाही. ते आम्हा दोघींजवळ आहे.

तुम्ही मात्र आज घरी गेल्यावर आपल्या आजीचं, आईचं माहेरचं नाव विचारा. आणि मग विचारा, अंगठा कुठं कुठं उठवला होता.